दारामागचे लियाँ

लियाँच्या जुन्या वस्तीतले ट्राबूल म्हणजे घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसरीत निघणारे बोळ. ते रेशमी कापड भिजू नये म्हणून विणकरांनी काढले, ही गोष्ट पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. गोष्ट छान आहे, पण पत्ता चुकलेला आहे. ‘कानू’ म्हणून ओळखले जाणारे विणकर एकोणिसाव्या शतकात क्रुआ-रूसच्या टेकडीवर जमले, कारण जाकारचे उंच माग जुन्या घरांच्या छताखाली मावत नव्हते. सँ-झाँ, सँ-पोल आणि सँ-झॉर्ज या मोहल्ल्यांतले बोळ त्याआधीचे. सोन नदी आणि फूर्विएरची टेकडी यांच्यामध्ये जागा चिंचोळी, रस्ते नदीला समांतर आणि आडव्या गल्ल्या मोजक्या. तेव्हा वाट घरातूनच काढावी लागली. रू सँ-झाँवरचे ५४ क्रमांकाचे दार ढकलले की अंधारा बोळ लागतो, मग एकामागून एक चौक, गोल जिने, रहिवाशांच्या पत्रपेट्या. बाहेर पडावे तो रू द्यू बफवरचे २७ क्रमांकाचे घर. वैभवही असेच आत दडलेले. १४६३ मध्ये अकराव्या लुईने जत्रांना सवलती दिल्या, इटलीचे सावकार आले आणि पैसा चौकांत खर्च झाला. वास्तुकार फिलिबेर द लॉर्मचा १५३६चा सज्जा रू झ्विवरीवरच्या एका घराच्या अंगणात आहे, रस्त्यावरून दिसतही नाही.

पण हे सगळे आपोआप टिकले असे मानणे भाबडेपणाचे. श्रीमंत नदीपलीकडे गेले, वाड्यांच्या खोल्या भाड्याने गेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वस्तीची अवस्था झोपडपट्टीसारखी होती. महापौर लुई प्रादेल यांना तिच्यातून मोटाररस्ता काढायचा होता. १९४६ पासून काम करणारी रहिवाशांची संघटना आडवी आली, आणि सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या १९६२च्या कायद्याने तिला हत्यार दिले. १९६४ मध्ये हा भाग फ्रान्सचे पहिले संरक्षित क्षेत्र ठरला. सुटी वास्तू नव्हे, अख्खी वस्तीच राखायची, ही त्या कायद्यातली नवी गोष्ट. १९९८चे युनेस्कोचे शिक्कामोर्तब नंतरचे. म्हणून जुने लियाँ प्रबोधनकाळाइतकेच विसाव्या शतकातल्या एका भांडणाचेही आहे, असे माझे मत.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: दुरुस्तीनंतर भाडी चढली, गरीब भाडेकरू गेले, खानावळींची रांग आली. खरे आहे; कायद्याने भिंती राखल्या, भाडेकरू नाहीत. पण पर्याय काय होता, तेही लियाँतच दिसते. १९७१ मध्ये फूर्विएरचा बोगदा खुला झाला आणि महामार्गाची वाहतूक थेट पेराश स्थानकापाशी शहराच्या मधोमध उतरली. पुढे त्या मार्गाचा महामार्गाचा दर्जा काढावा लागला. तसा रस्ता सँ-झाँमधून गेला असता तर घरेही गेली असती आणि भाडेकरूही. शिवाय ही वस्ती निव्वळ संग्रहालय झालेली नाही, याचा पुरावा दारांवरच आहे. काही ट्राबूलांच्या मालकांनी नगर प्रशासनाशी करार केला आहे: दिवसा दार उघडे ठेवायचे, बदल्यात देखभाल आणि दिवाबत्तीचा भार सार्वजनिक तिजोरीवर. बाकीची बहुसंख्य दारे आजही बंदच असतात. उघड्या दारातून जाताना आवाज खाली ठेवा. वरच्या मजल्यावर लोक राहतात.