भट्टीचा धूर आणि कर्बाची वही



पावाची लादी घरात येते तेव्हा तिची किंमत आपण रुपयांत देतो. पण ती भाजताना काही कर्बवायू हवेत गेलेला असतो. त्याचा हिशेब ना पाववाल्याच्या वहीत असतो, ना आपल्या. या हिशेबाला ‘कार्बन फूटप्रिंट’ असे नाव आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. ज्याला किराणा दुकानाची उधारी लिहिता येते, त्याला हेही जमते. आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडच्या एखाद्या छोट्या बेकरीचा दाखला घेऊन ते समजावून घेऊ.

बेकरीच का? त्याला कारण आहे. मुंबईतल्या अनेक बेकऱ्या वर्षानुवर्षे लाकडावर चालत आल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बिघडलेल्या हवेच्या प्रकरणात आदेश दिला, की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसरे स्वच्छ इंधन स्वीकारावे. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, महानगरपालिकेने मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर केला होता. त्यात २०१९ सालचे शहराचे उत्सर्जन सुमारे २३४ लाख टन दाखवले असून त्यातला ७२ टक्के वाटा एकट्या ऊर्जेच्या वापराचा आहे. २०५० पर्यंत हा बोजा निव्वळ शून्यावर आणायचा, असे त्यात ठरवले आहे. शहराचा आकडा शेवटी अशा लहानमोठ्या गाळ्यांतूनच भरतो.

आता मोजायचे कसे? जगभरची रीत अशी, की तीन कप्पे करायचे. आपल्या गाळ्यात आणि आपल्या गाडीत जे जळते ते पहिल्यात. विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. मैदा, साखर, वेष्टने, टाकाऊ माल, म्हणजे दुसऱ्यांच्या हातून आपल्यासाठी होणारे सारे, तिसऱ्यात. सुरुवातीला पहिले दोन कप्पे पक्के करावेत. तिसऱ्यासाठी पोत्यांची नोंद तेवढी ठेवावी.

गुणायचे आकडे थोडेच आहेत. एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू, कारण आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. बिल अदानीचे असो की मुलुंडकडे महावितरणचे, हिशेबाला देशाची सरासरी धरावी. एक लिटर डिझेलमागे २.७ किलो. एक किलो सिलिंडरच्या गॅसमागे ३ किलो, म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरमागे ५७ किलो. नळाच्या गॅसच्या एका घनमीटरमागे जवळजवळ २ किलो.

समजा, एका बेकरीत महिन्याला ९०० युनिट वीज, दोन सिलिंडर आणि टेम्पोला १०० लिटर डिझेल लागते. विजेचे ६३०, सिलिंडरचे ११४, डिझेलचे २७०. एकूण १०१४ किलो, म्हणजे साधारण एक टन. महिन्याला १५,००० लाद्या निघत असतील तर लादीमागे सुमारे ६८ ग्रॅम झाले. हा लादीमागचा आकडा फार महत्त्वाचा, बरं का! दिवाळीत धंदा वाढला की एकूण बेरीज वाढणारच. आपली सुधारणा झाली की नाही, ते लादीमागच्या आकड्यावरून कळते.

तुम्ही म्हणाल, अहो, भट्टीतले लाकूड कुठे गेले? प्रश्न रास्त आहे. रोज १०० किलो धरले तरी महिन्याला तीन टन लाकूड जळते, आणि एक किलो सुक्या लाकडातून दीड किलोहून अधिक कर्बवायू निघतो. पण झाड वाढताना तो हवेतूनच घेते, म्हणून हिशेबाच्या रीतीप्रमाणे तो मुख्य बेरजेत न धरता वेगळा लिहितात. याचा अर्थ लाकूड निर्दोष आहे असा मुळीच नाही. त्याच्या धुरातली बारीक काजळी छातीत उतरते. जुन्या फर्निचरचे, प्लायवुडचे तुकडे जाळले तर त्यांवरचा रंग आणि डिंकही जळतो. तो धूर आधी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला लागतो आणि मग वरच्या माळ्यावरच्या पोराला.

इथेच एक गंमत होते, आणि ती आधीच ठाऊक असलेली बरी. या बेकरीने लाकूड सोडून नळाचा गॅस घेतला आणि समजा महिन्याला ६०० घनमीटर लागला, तर वहीत १२०० किलो नव्याने चढतील. मालक म्हणेल, “एवढा खर्च करून आकडा दुप्पट झाला की!” विजेचे तर आणखी अवघड. तितक्याच उष्णतेला वीज आजच्या घडीला गॅसच्या तिप्पटीहून अधिक कर्बवायू सोडते. तोही गाळ्यात नव्हे, दूरच्या वीजकेंद्रात. म्हणून वहीत दोन रकाने हवेत: एक कर्बाचा, एक धुराचा. धुराचा रकाना गल्लीतल्या माणसांसाठी आज कमी करायचा असतो, आणि कर्बाचा सगळ्यांसाठी वर्षावर्षाने. एकाच्या नावावर दुसऱ्याला लपवू नये.

मग कर्बाचा आकडा खाली कसा आणायचा? पहिली गोष्ट, उष्णता वाया जाऊ देऊ नये. भट्टीचे दार नीट बसते का, भिंतीला उष्णतारोधक थर आहे का, ते पाहावे. भट्टी एकदा तापली की पाव, मग खारी, मग टोस्ट असा क्रम लावावा, म्हणजे उतरती धगही कामी येते. उरलेल्या पावाचे टोस्ट करणे ही तर आपली जुनीच चाल. कचऱ्यात कुजलेल्या अन्नातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो.

दुसरी गोष्ट, शीतकपाट. मोठ्या शीतकपाटांत वापरला जाणारा ४०४-ए हा वायू एक किलो गळाला तर जवळजवळ चार टन कर्बवायूइतका ताप होतो. आपल्या उदाहरणातल्या बेकरीचे चार महिन्यांचे उत्सर्जन झाले हे! मेकॅनिक दर वर्षी “गॅस भरून देतो” म्हणत असेल, तर आधी गळती शोधायला सांगावे.

तिसरी, वीज. पंचाहत्तर वॅटच्या जुन्या पंख्याचे काम नवा पंखा तीसेक वॅटमध्ये करतो. छप्पर स्वतःचे असेल तर एक किलोवॅटचे सौर पटल दिवसाला सरासरी चार युनिट देते. भाड्याच्या गाळ्याला छप्पर कुठले? त्यांनी वीज कंपनीकडे थोडा जादा दर देऊन मिळणाऱ्या हरित विजेची चौकशी करावी.

नवी भट्टी स्वस्त नाही, हे खरेच. मुंबईत पाव हे गरिबाचे अन्न आहे. लादी महागली तर वडापाववाल्याच्या गाडीपाशी ते आधी जाणवते. म्हणूनच मालकाने अंदाजाने उडी घेऊ नये. नव्या भट्टीचे दरपत्रक घेताना ‘शंभर लाद्यांना किती युनिट, किती घनमीटर?’ हे विचारावे आणि चालती भट्टी पाहून खात्री करावी. जी भट्टी इंधन कमी खाते ती बिलही कमी करते आणि कर्बही.

तेव्हा या महिनाअखेरीस विजेचे बिल, सिलिंडरच्या पावत्या, डिझेलचा खर्च आणि लाकडाचा काटा एकत्र मांडून बसा. तासाभराचे काम आहे. वर्षभर असे बारा आकडे जमले, की पुढच्या खर्चाआधी कुणाला विचारण्याची गरज फारशी उरणार नाही. तुमचीच वही तुम्हाला सांगेल.