‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ : दोन ध्वनिमुद्रणांचे एक गाणे

तबकडी आणि तिचा काळ

लिव्हरपूलच्या बीटल्स या वृंदाचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ १७ फेब्रुवारी १९६७ रोजी ब्रिटनमध्ये पार्लोफोनच्या तबकडीवर प्रसिद्ध झाले. तबकडी सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, प्रत्येक बाजूस एक गाणे. तिला ‘सिंगल’ म्हणत. एरवी सिंगलची एक बाजू मुख्य आणि दुसरी भरतीची असे. येथे पाठीवरचे ‘पेनी लेन’ही मुख्यच मानले गेले. सायकेडेलिक पॉप संगीताचे उदाहरण म्हणून या गाण्याचे नाव हमखास घेतले जाते. एलएसडीसारख्या द्रव्यांनी काळाचे, रंगांचे, आवाजाचे भान बदलते; तसा भास संगीतातून निर्माण करणे हे त्या प्रवाहाचे लक्षण होते. द्रव्यांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. प्रत्यक्ष आवाज कसा घडला, हे मात्र टेपयंत्राकडे पाहिल्याखेरीज कळत नाही.

उगम

२९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बीटल्सचा दौऱ्यावरचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर जॉन लेनन एका चित्रपटात भूमिका करण्यासाठी स्पेनमधील अल्मेरिया येथे गेले. चित्रीकरणात रिकामा वेळ भरपूर असे आणि हे गाणे त्या वेळात रचले गेले. शीर्षकातील स्थळ खरे आहे. लिव्हरपूलच्या वुल्टन भागात साल्व्हेशन आर्मीचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ नावाचे बालगृह होते. मिमी मावशीकडे वाढलेल्या लेनन यांच्या घरापासून ते जवळच होते. दौरे थांबल्याचा परिणाम दूरगामी ठरला. गाणे रंगमंचावर वाजवता आले पाहिजे, ही अटच उरली नाही.

चार ट्रॅकची अडचण

ध्वनिमुद्रण लंडनच्या अ‍ॅबे रोडवरील ईएमआय स्टुडिओत २४ नोव्हेंबर १९६६ रोजी सुरू झाले. निर्माते जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक जेफ एमरिक. तेथील यंत्रात टेपवर केवळ चार समांतर ट्रॅक भरता येत. ते भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्रावरील एकदोन ट्रॅकवर उतरवून उरलेले पुन्हा वापरायला मिळत. अशा प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर थोडी वाढते आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे कोणता आवाज किती मोठा ठेवायचा, हे आधीच ठरवावे लागे.

मेलोट्रॉन

गाण्याच्या आरंभी ऐकू येणारी बासरी कोणी फुंकलेली नाही. पॉल मॅकार्टनी यांनी ती मेलोट्रॉन या वाद्यावर वाजवली. बर्मिंगहॅममध्ये तयार होणाऱ्या या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वाद्याचा एकेक स्वर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप सरकू लागते; बोट उचलले की ती मागे फिरते. तुकडा साधारण आठ सेकंदांचा असल्याने स्वर त्याहून लांबवता येत नाही. टेपची गती किंचित हलत असल्यामुळे सूरही थोडा कापरा येतो. वाद्य म्हणून हा दोषच. या गाण्यात तो शोभला.

दोन आवृत्त्यांचा सांधा

पहिल्या प्रयत्नात गाणे कडव्याने सुरू होत होते. नंतर ध्रुवपद पुढे आणले गेले. नोव्हेंबरअखेर एक सौम्य आवृत्ती तयार झाली. तिने लेनन यांचे समाधान होईना. डिसेंबरमध्ये गाणे नव्याने, अधिक वेगाने आणि दणकट तालवाद्यांसह मुद्रित झाले. त्यात झांजांचे उलट फिरवलेले मुद्रण आले. मार्टिन यांनी चार ट्रम्पेट आणि तीन चेलो यांच्यासाठी लिहिलेला भागही आला. आता लेनन यांना पहिल्या आवृत्तीचा आरंभ आणि दुसरीचा उत्तरार्ध हवा होता. दोन्हींची लय वेगळी होती आणि पट्टीही.

येथे टेपचा एक साधा गुणधर्म उपयोगी पडला. टेप हळू फिरवली की लय मंदावते आणि त्याच प्रमाणात पट्टीही उतरते. वेग वाढवला की दोन्ही चढतात. एक बदलून दुसरी राखणे त्या काळच्या यंत्राला शक्य नव्हते. सुदैवाने जी आवृत्ती जलद होती, तिचीच पट्टी उंच होती. २२ डिसेंबर रोजी पहिलीचा वेग थोडा वाढवून आणि दुसरीचा कमी करून मार्टिन व एमरिक यांनी टेप कापून जोडली. उलट असते, म्हणजे जलद आवृत्तीची पट्टी खालची असती, तर एक जुळवताना दुसरे बिघडले असते आणि ही जोडणी मुळीच झाली नसती. गाणे सुमारे एक मिनिट पुढे गेल्यावर हा सांधा येतो. त्यानंतर लेनन यांचा आवाज जड, किंचित झोपाळू भासतो. लोक याचे श्रेय द्रव्याला देतात. ते मंदावलेल्या टेपचे आहे.

स्वरमंडल

गाण्यात मधूनमधून तारांवरून घरंगळत येणारी एक स्वरमालिका आहे. ती जॉर्ज हॅरिसन यांनी वाजवलेल्या स्वरमंडलाची. सप्टेंबर १९६६ मध्ये ते रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले होते आणि ताजमहाल हॉटेलात उतरले होते. किशोरी आमोणकर यांच्या मैफलींमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले स्वरमंडल गायकाला रागाच्या स्वरांचे वातावरण पुरवते. या गाण्यात तसे कार्य त्याच्याकडे नाही. एका भागातून दुसऱ्यात जाताना रंग बदलण्यापुरता त्याचा उपयोग आहे. वाद्य भारतीय आहे, संगीतविचार भारतीय नाही.

चित्रफीत

कार्यक्रम करायचे नसल्याने दूरचित्रवाणीसाठी केंट परगण्यातील नोल पार्क येथे जानेवारीअखेर चित्रफीत तयार झाली. दिग्दर्शक स्वीडनचे पीटर गोल्डमन. तिच्यात गाण्याचे सादरीकरण नाहीच. झाडाला जोडलेल्या तारा, पियानो आणि मिशा राखलेले चार तरुण आहेत. अमेरिकेत ‘अमेरिकन बँडस्टँड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या तरुण प्रेक्षकांना ती दाखवली गेली, तेव्हा अनेकजण गोंधळले.

क्रमवारीतील दुसरे स्थान

ब्रिटनच्या ‘रेकॉर्ड रिटेलर’ क्रमवारीत ही तबकडी दुसऱ्या क्रमांकावर थांबली. १९६३ नंतर प्रथमच बीटल्सच्या सिंगलची सलग अग्रक्रमांची मालिका तुटली. वरचे स्थान एंगेलबर्ट हंपरडिंक यांच्या ‘रिलीज मी’ या भावगीताने सहा आठवडे अडवून ठेवले. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’मध्ये दोन्ही बाजू स्वतंत्र मोजल्या जात, तेथे ‘पेनी लेन’ पहिल्या आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आठव्या क्रमांकावर पोहोचले. यावरून नवा आवाज लोकांना रुचला नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. हंपरडिंक यांचा श्रोता बहुधा वेगळाच होता, आणि तो मोठ्या संख्येने दुकानात गेला.

अल्बमबाहेर

दोन्ही गाणी पुढे ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ म्हणून आलेल्या अल्बमच्या कामातच सुरू झाली होती. व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांना नवी सिंगल तातडीने हवी होती, म्हणून ती बाजूला काढली गेली. सिंगल म्हणून विकलेले गाणे अल्बममध्ये पुन्हा घालून ग्राहकाकडून दोनदा पैसे घेऊ नयेत, असा ब्रिटनमधील रिवाज असल्याने अल्बममध्ये त्यांना जागा मिळाली नाही. मार्टिन यांनी नंतर हा निर्णय आपल्या कारकिर्दीतील मोठी चूक मानला. अमेरिकी कंपनीला तो रिवाज बंधनकारक नव्हता. तिने नोव्हेंबर १९६७ मध्ये दोन्ही गाणी ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या अल्बममध्ये घातली, आणि सीडीच्या काळापासून जगभर ती त्याच अल्बममध्ये मिळतात.