चुकीच्या शाखेवर गेलेला संगणक

साताऱ्याच्या एका शाळेतील संगणकावर डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली होती. तिचे नवे घटक कोणत्या शाखेतून आणायचे, हे एका फाईलीत लिहिलेले असते. तेथे आमच्या हातून ‘स्टेबल’ऐवजी ‘अनस्टेबल’ पडले आणि शेकडो घटक बदलले.

ओळ दुरुस्त केली की झाले? नुसती यादीच आणली असेल, तर हो. घटक बसले असतील तर मात्र नाही. घटक बसवणारी ‘ॲप्ट’ ही आज्ञावली वरच्या क्रमांकाचा घटक आपण होऊन खाली उतरवत नाही. प्राधान्य १००० च्या वर ठेवून ते करवून घेता येते. पण तोवर नव्या घटकांनी माहितीची मांडणीच बदललेली असली, तर जुन्यांना ती वाचता येत नाही. कराडला कोयना कृष्णेला मिळते. सांगलीच्या घाटावर कोयनेचे पाणी निराळे काढता येईल का? डेबियनही या उलट्या वाटेची हमी देत नाही.

आम्ही मुलांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि स्टेबल नव्याने बसवले. दुपार गेली. आता त्या ओळीत आम्ही आवृत्तीचे नावच लिहितो, कारण ‘स्टेबल’ हा शब्दही सरकतो: ऑगस्ट २०२५ मध्ये तो ‘बुकवर्म’वरून ‘ट्रिक्सी’वर गेला. पुढे सांगलीच्या शाळेत आधी फायलींची नक्कल केली, मगच ती ओळ उघडली.