आकड्याआधीची चित्रे

सप्टेंबर 2025 मध्ये वासुदेव गायतोंडे यांचे 1970 चे एक चित्र लिलावात 67 कोटी 8 लाखांना गेले. बातमी झाली ती आकड्याची. त्या चित्रातले रंग पाहणाऱ्याला स्वतःच्या आत कुठवर घेऊन जातात, याबद्दल क्वचितच कुणी लिहिले.

नागपुरात 1924 मध्ये जन्म, 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका, पुढे न्यूयॉर्क, पद्मश्री. हे सारे नोंदलेले आहे, त्यात पुन्हा शिरण्यात हशील नाही. पनवेलच्या चित्रवेड्यांच्या मनात रुतून बसले ते नव्वदचे दशक.

हार्बरची लोकल पनवेलला 1998 मध्ये पोहोचली. त्याआधी चित्र पाहायचे तर एसटी धरून खाडी ओलांडायची, मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात शिरायचे, वरच्या केमोल्ड गॅलरीत डोकवायचे आणि तिथल्याच समोवार उपाहारगृहाच्या चहावर घटकाभर गप्प बसायचे. अमूर्तासमोर बोलणे सुचत नसे, आणि त्याची लाजही वाटत नसे.

चित्रकार प्रभाकर बरवे तर पनवेलच्याच रायगड जिल्ह्यातले, नागावचे. ते पुरते अमूर्त चित्रकार नव्हेत. घड्याळ, पान अशा ओळखीच्या वस्तू एनॅमल रंगात मांडत. पण त्या वस्तूंमधली रिकामी जागाच पाहणाऱ्याशी बोलू लागे. डिसेंबर 1995 मध्ये, साठीही न गाठता, ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी चित्रकार प्रभाकर कोलते यांनी जे. जे.तले अध्यापन सोडले होते. त्यांच्या कॅनव्हासवर सपाट रंगाला कुठेतरी खिडकी पडते आणि खालचे थर दिसतात. दडपलेली आठवण अशीच वर येते.

गायतोंडे तेव्हा दिल्लीत होते. रोलर आणि सुरीने थर चढवायचे, खरवडायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मानवत नसे, ते ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत. 10 ऑगस्ट 2001 रोजी ते गेले, तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकातून त्यांना मराठी वाचकांपर्यंत नेले, हे ऋण मोठे आहे. ‘यात कळण्यासारखे काय?’ म्हणून अमूर्ताला झिडकारणारेच आज कोटींपुढे माना डोलावतात, हे मात्र विसरता येत नाही.

2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचे मोठे प्रदर्शन भरले. उद्घाटनात अमोल पालेकरांना भाषणात वारंवार अडवले गेले. त्यावर उसळलेला संताप रास्तच होता, पण त्या गदारोळात भिंतीवरचे बरवे मागे पडले.

समोवार 2015 मध्ये बंद झाले. पनवेलची महापालिका झाली, विमानतळही आला. लोकल आता थेट सीएसएमटीला नेते. तिथून जहांगीर चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आत जायला आजही तिकीट लागत नाही.