लायब्ररी, तू कितवी?

पीएनजी चित्र उघडलं की बहुतेक वेळा पडद्यामागे झेडलिब नावाची लायब्ररी राबते. आकसून ठेवलेला डेटा उलगडायचा, हे तिचं इथलं काम. जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी 1995 मध्ये ती जगापुढे आणली. पण तिची मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट घडते ती प्रत्यक्ष उलगडण्याच्याही आधी.

प्रोग्रॅम कंपाइल होतो तेव्हा त्याच्यासमोर लायब्ररीची एक आवृत्ती असते. वापरणाऱ्याच्या संगणकावर कदाचित दुसरीच भेटते, कित्येक वर्षांनी धाकटी किंवा थोरली. म्हणून प्रोग्रॅमरने उलगडण्याच्या तयारीसाठी ‘इन्फ्लेटइनिट’ लिहिलं की हेडर फाइल त्यात गुपचूप दोन गोष्टी घालते: कंपाइल करतानाचा आवृत्तीक्रमांक आणि डेटाच्या रचनेचा आकार. चालताना लायब्ररी दोन्ही ताडून पाहते. क्रमांकाचं तर फक्त पहिलं अक्षर! 1.2 आणि 1.3 यांचं जमतं. पहिला आकडाच वेगळा निघाला तर ती कामच नाकारते.

एसक्यूलाइट या डेटाबेस-लायब्ररीने आणखी एक सोय केली आहे. ती आपली आवृत्ती अक्षरांत सांगते, तशी एका सलग संख्येतही. 3.45.1 म्हणजे 3045001. अक्षरं म्हणून ताडलं तर 3.9 हे 3.45 पेक्षा मोठं ठरेल; संख्येत ही गफलत होतच नाही. शिवाय मूळ कोडचा हॅशही ती सांगते. त्या कोडला कुणी मागाहून हात लावला असेल, तर हॅशचे शेवटचे चार अंक बदललेले दिसू शकतात.

लिनक्सची जीलिबसी ही सी भाषेची लायब्ररी तर फाइल म्हणून थेट चालवता येते, आणि चालवली की स्वतःची आवृत्ती छापते. त्याहून विलक्षण म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची चिठ्ठी असते. 64-बिट इंटेल संगणकांवर ‘मेमसीपीवाय’ तिच्यात दोनदा नांदते: 2.2.5 ची आणि 2011 मध्ये आलेल्या 2.14 ची. जुना प्रोग्रॅम जुनीला हाक मारतो, नवा नवीला. एकाच फाइलमध्ये, एकाच वेळी! कुणा अनोळखी माणसाचा जुना प्रोग्रॅम मोडू नये म्हणून घेतलेली ही काळजी पाहून मला खरोखर भरून येतं.

तरीही लायब्ररीचं उत्तर नेहमी पुरत नाही. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड हे सुरक्षेतलं छिद्र उघड झालं. 1.0.1 ते 1.0.1एफ या आवृत्त्या धोक्यात होत्या, 1.0.1जी सुरक्षित. डेबियन या लिनक्स-वितरणाने मात्र आपल्या 1.0.1ई मध्येच दुरुस्ती बसवली. दुरुस्त झालेली लायब्ररी विचारल्यावर 1.0.1ई असंच सांगत राहिली. खरा खुलासा डेबियनच्या पॅकेजक्रमांकाच्या शेपटीत होता: 1.0.1ई-2+डेब7यू5.