काळ्या पाषाणाच्या पोटातले रंग

नाशिकजवळच्या सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. पोपटी अपोफिलाइट, केशरी-गुलाबी स्टिल्बाइट, पांढऱ्या काड्यांचे झुबके असलेले स्कोलेसाइट, गडद निळे कॅव्हान्साइट असे स्फटिक तिथे पाहून हे कुठल्या दूरदेशीचे, असा प्रश्न पडतो. पण यांतली पुष्कळशी खनिजे पुणे, नाशिक, जळगावकडच्या काळ्या दगडातच सापडतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. लाव्हा थिजताना त्यातले वायू अडकले आणि अनारशाला पडावी तशी दगडाला जाळी पडली. काही पोकळ्या वाटाण्याएवढ्या, तर काहींत माणूस वाकून शिरू शकेल. पुढे खडकात मुरलेले पाणी तापले. त्याने या काळ्या दगडातले, म्हणजे बेसाल्टमधले सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपात सावकाश जमवले. ही घडण लाव्हा थंड झाल्यावरही कोट्यवधी वर्षे चालू राहिली. त्यात किंचित व्हॅनेडियम मिसळले की अपोफिलाइटला हिरवी झाक येते. कॅव्हान्साइटच्या तर रचनेतच व्हॅनेडियम असते. ते १९६०च्या दशकात प्रथम सापडले अमेरिकेत, पण त्याचे जगभर वाखाणले गेलेले नमुने पुण्याजवळच्या वाघोलीचे.

स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजे. त्यांच्या आत रेणूंच्या मापाच्या वाटा असतात. अशाच वाटांमध्ये कृत्रिम झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे सोडते. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे याच गुणावर चालत होती.

हे वैभव उजेडात येते ते मात्र दगड फोडताना. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर कापला, तेव्हा सुंदर नमुने निघाले. आज विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग उडाल्यावर एखादी पोकळी उघडते. एखाद्याची नजर वेळीच पडली तर स्फटिक वाचतो, नाहीतर क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी होते. वाचलेल्या स्फटिकाचे गाव आणि खाण नोंदलेली नसेल, तर अभ्यासकाच्या लेखी त्याचे मोल बरेच घटते. कारण तो कोणत्या थरात, कोणत्या खनिजांच्या सोबतीने वाढला, हे मग सांगता येत नाही. म्हणून संग्रहालयात रंग डोळे भरून पाहावेत, पण नमुना कुठल्या गावचा तेही वाचावे.