मागच्या दाराची मूठ

मोडकी वस्तु घरांत ठेवूं नये, असें आमच्या मातोश्री म्हणत. आणि दुरुस्तीचा यत्न केल्यावांचून कोणतीही वस्तु टाकूं नये, असेंही त्याच म्हणत. या दोन वचनांच्या पेंचांत आमच्या घरची जुनी मोटारगाडी गेले कित्येक महिने सांपडली होती. तिची, विशेषतः तिच्या मागच्या दाराच्या मुठीची, हकीकत वाचकांस सादर करावी असें योजिलें आहे. ज्यांच्या अंगणांत एखादें जुनें वाहन उभें असेल त्यांस तिचा कांहीं उपयोग होईल. इतरांनीं आमच्या चुकांची करमणूक म्हणून ती वाचावी.

गाडी मॅटॅडोर जातीची. पुण्याजवळ आकुर्डी येथें कारखाना असलेल्या बजाज टेंपो कंपनीनें ही गाडी काढली. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं जर्मनींतील विडाल या कारखानदारांच्या सहकार्यानें ही कंपनी उभारली. २००५ पासून ती फोर्स मोटर्स या नांवानें ओळखली जाते. 'टेंपो' हें विडाल यांच्या गाड्यांचें व्यापारी नांव. पण मराठींत तें इतकें रुळलें कीं भाजीची, विटांची वा वऱ्हाडाची कोणतीही लहान मोटार आतां टेंपोच होय. त्या शब्दाचें मूळ लॅटिनमध्यें, आणि अर्थ काळ. 'मॅटॅडोर' हा शब्द स्पॅनिश. बैलाशीं झुंजून त्यास ठार करणारा तो मॅटॅडोर. ज्या जातीच्या गाड्यांनीं गांवोगांवच्या बैलांचें काम काढून घेतलें, तींतील एकीस हें नांव कोणीं हेतुपूर्वक दिलें नसेल. पण शोभलें खरें.

आमची गाडी १९७४ ची. आमच्या थोरल्या बंधूंनीं ती १९८३ सालीं जुनी म्हणूनच घेतली. त्यांचें वाईस शालेय पुस्तकांचें दुकान होतें. दिवसा पुस्तकांचे गठ्ठे आणि सुटींत घरचीं माणसें, असा तिचा दुहेरी संसार पुष्कळ वर्षें चालला. तिचा मागचा सांगाडा कंपनीचा नव्हे. एका बॉडी बांधणाराकडून तो पूर्वींच्या मालकानें करवून घेतलेला. मागें दोन दारें. डावें आंतून खिट्टीनें बंद होणारें आणि उजवें मुठीनें उघडणारें. बंधूंना जाऊन तीन वर्षें झालीं.

गेल्या वैशाखांत एका आप्तांच्या घरच्या मुंजीसाठीं आम्ही सर्व पांचगणीस निघालों होतों. पसरणीच्या घाटांत एका वळणावर गाडीस किंचित् हिसका बसला आणि उजवें दार आपोआप उघडलें. भांड्यांचें एक पोतें व लाडवांचा डबा रस्त्यावर गेला. आमच्या पुतण्याची सहा वर्षांची मुलगी वाईपासून त्याच दाराशीं बसली होती. पोटांत मळमळतें म्हणून घाट लागतांच ती पुढें आजीच्या मांडीवर जाऊन बसली, एवढेंच. पांचगणी येईपर्यंत गाडींत कोणी एक शब्द बोललें नाहीं.

रात्रीं घरीं आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आतां पुरे झालें. उद्यां भंगारवाल्याला बोलावतों." त्याचें चुकत होतें असें आम्हांस वाटलें नाहीं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेंच म्हणाल्या, "भावजी, दार कां उघडलें तें आधीं बघा. मग काय तें ठरवा."

दुसऱ्या दिवशीं आम्ही दारापुढें पाट टाकून बसलों. हें दार उघडण्याची एक युक्ति घरांतील सर्वांस ठाऊक होती: डाव्या हातानें दार किंचित् वर उचलावें आणि उजव्या हातानें मूठ जोरानें पिळावी. पाहुण्यांस तें जमत नसे आणि आपण त्यांस हंसत असूं. घरच्या वस्तूंचे रोग आपण असे लाडांनीं पोसतों. मूठ स्वतः पाहावी तर बोटांनीं धरून सर्व दिशांस हालत होती, आणि सोडल्यावर मान टाकलेल्या कोंबडीसारखी खालीं लोंबत होती. पाहणाऱ्यानें साहजिकच म्हणावें, मूठ झिजली आहे, मूठ बदला.

परंतु न्यायशास्त्राच्या पोथींत धूर पाहून अग्नीचें अनुमान करावयास शिकवितात, धुरालाच अग्नि समजावयास नव्हे. दार उचलावें कां लागतें, हा खरा प्रश्न होता. बिजागऱ्यांचे खिळे पन्नास वर्षांत झिजून दार सुमारें पांच मिलिमीटर खालीं उतरलें होतें. त्यामुळें कुलपाची जीभ चौकटीवरील खांचेंत पुरी न शिरतां नुसती कडेवर टेकत असे. दार उतरलें म्हणून जीभ अडे, जीभ अडे म्हणून प्रत्येकजण मूठ जोरानें पिळी, आणि पिळून पिळून मूठ झिजे. घाटांतल्या हिसक्यानें ती कडेवरची जीभ सुटली. म्हणून आम्हीं प्रथम बिजागऱ्या हातीं घेतल्या. भोंकें किंचित् मोठीं व गोल करून जाड खिळे बसविले, आणि दार आपल्या जागीं आलें. हें काम एका सकाळचें. तें न करतां नवी मूठ बसविली असती तर तीही लवकरच त्याच वाटेनें गेली असती.

आतां मूठ. ती आम्हीं पितळेची समजत होतों, कारण वहिनी सणावारीं ती समईबरोबर घांसून पुसून ठेवीत. पुण्याच्या जुन्या बाजारांत एका रविवारीं हुबेहूब तशीच एक मूठ साडेतीनशें रुपयांस मिळाली. तीही झिजलेलीच, पण सुटे भाग कामास येतील म्हणून घेतली. तिचें झिजलेलें भोंक पितळेनें भरून घ्यावें या विचारानें आम्ही ती एका गॅसवेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेलों आणि 'पितळ आहे' असें छातीठोकपणें सांगितलें. त्यानें ज्योत लावली. क्षणभर कांहीं झालें नाहीं. आणि मग मुठीची मान एकदम खचून तिचा भट्टीवर थेंब झाला. तो बिचारा आमच्याकडे पाहूं लागला. दोष सर्वस्वीं आमचा होता.

अशा मुठी बहुधा जस्ताच्या एका मिश्रधातूच्या असतात. जस्तांत शेंकडा ४ च्या सुमारास ॲल्युमिनियम आणि थोडें मॅग्नेशियम व तांबें घालून ती करतात. १९२९ च्या सुमारास अमेरिकेंतील न्यू जर्सी झिंक कंपनीनें ही धातु तयार केली आणि चार धातूंच्या जर्मन नांवांच्या आद्याक्षरांवरून तिला 'झामक' म्हटलें. ती सांच्यांत दाबून ओततां येते, अंगावर बारीक नक्षी उतरते, म्हणून मोटारींच्या मुठींस व नांवपट्ट्यांस ती फार आवडती झाली. पण ती ४०० अंशांच्या आंतच वितळते, आणि सांध्यासाठीं वापरावयाची पितळ वितळण्यास ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ओळखण्याची रीत सोपी आहे: लोहचुंबक चिकटत नाहीं, हातास ॲल्युमिनियमहून बरीच जड लागते, आणि आंतल्या बाजूस कानस फिरविली कीं पिवळा नव्हे तर करडा पांढरा कीस पडतो. एवढी परीक्षा आम्ही आधीं करतों तर साडेतीनशें रुपये वांचते!

जस्ताच्या मुठीस विस्तव दाखवूं नये. झीज भरावयाची ती थंडपणें. साताऱ्याच्या एका लेथवाल्याकडे आम्ही घरची मूळ मूठ नेली. मुठीची मान चौदा मिलिमीटरची, ती एका अंगानें झिजून लंबगोल झालेली. ज्या बैठकींत ती फिरते तिचें भोंकही तसेंच. त्यानें मान तासून तेरा मिलिमीटरवर गोल केली, बैठकीचें भोंक सोळापर्यंत वाढविलें, आणि मधली जागा भरण्यास पितळेचा बुश करून दिला. तो हातोडीनें ठोकावयाचा नाहीं, कारण ही धातु ठिसूळ असते. शेगड्याच्या जबड्यांत दोन्हीकडे लांकूड देऊन हळूहळू दाबीत बसवावा.

मुठीपासून कुलपांत जाणारी चौकोनी दांडी कडा जाऊन जवळजवळ गोल झाली होती. ती पोलादी असल्यानें दुरुस्त करण्यापेक्षां आठ मिलिमीटरच्या चौरस सळईचा तुकडा कापणेंच सोयीचें. कुलपाच्या आंतील चौकोनी घर मात्र भरूनच घ्यावें लागलें; तो भाग लोखंडी, म्हणून तेथें वेल्डिंगला हरकत नव्हती. भरल्यावर चौकोनी कानशीनें तें पुन्हां कोरावयाचें. चार ओढी माराव्या, दांडी घालून पाहावी, पुन्हां चार ओढी. या कामास आम्ही बसलों असतां पुतण्या जवळ येऊन उभा राहिला. "काका, तुमचा हात थरथरतो आहे, आणा इकडे," म्हणून त्यानें कानस घेतली, आणि अंधार पडेपर्यंत सोडली नाहीं.

स्प्रिंगची एक चूक नमूद केली पाहिजे. मूठ परत आडवी आणणारी स्प्रिंग आम्हीं नवी करवून घेतली, पण वेटोळ्यांची दिशा सांगावयास विसरलों. मूठ फिरवितांना वेटोळीं आवळत जावीं. आमचीं सुटत जात होतीं. दुसरी करावी लागली. जुनी स्प्रिंग, ती तुटलेली कां असेना, कारागिराच्या हातांत द्यावी. तोंडी वर्णनावर विसंबूं नये. शिवाय दाराच्या आंतून एक जाड कडी-कोयंडा आम्हीं बसविला. शोभेचा नाहीं, पण मुलें मागें बसलीं कीं तो लावल्याशिवाय गाडी हालवावयाची नाहीं, असा आतां घरचा नियम आहे.

राहिला मुलाम्याचा प्रश्न. जस्तावर क्रोम थेट चढत नाहीं; आधीं तांब्याचा थर, त्यावर निकेल, आणि शेवटीं क्रोमचा अत्यंत पातळ पापुद्रा. तांब्याचा पहिला थर आम्ल द्रवांत देऊं गेल्यास जस्तच खाल्लें जातें, म्हणून तो अल्कधर्मी द्रवांत देतात. जुन्या मुलाम्याखालीं पांढरे फोड आले असतील तर ते खरवडून, खड्डे तांब्यानें भरून, मग पुढचें काम. खर्च होतो तो तेथेंच. पुण्याच्या मुलामेवाल्यानें बावीसशें रुपये सांगितले, आणि आम्ही देणारही होतों.

मूठ पुण्यास नेण्यासाठीं कागदांत गुंडाळीत असतां वहिनींनीं ती मागून घेतली. मुठीच्या वरच्या अंगास एके ठिकाणीं क्रोम पार जाऊन खालचें तांबें दिसत होतें. अंगठ्याएवढी, किंचित् खोलगट जागा. बंधू डावखुरे होते. आम्हां बाकीच्यांचा अंगठा तेथें बसत नाहीं. त्यांनीं आपला अंगठा त्या जागीं ठेवला, थोडा वेळ तसाच राहूं दिला, आणि मूठ आमच्या हातीं परत दिली. "फिरायला लागली ना? मग झालं," त्या म्हणाल्या. मुलामा राहिला. तांब्याचा तेवढा भाग काळा पडूं नये म्हणून त्या आतां महिन्यांतून एकदां मेणाचा हात देतात.

दसऱ्यास गाडीस हार घालून आम्ही पुन्हां पसरणीच्या घाटानें गेलों. निघण्यापूर्वीं पुतण्यानें तें दार तीन वेळां उघडून लावून पाहिलें आणि मग कडी घातली. भंगारवाल्याचा विषय त्यानंतर निघाला नाहीं. मात्र पुढच्या डाव्या खिडकीची कांच फिरविल्यावर अर्ध्यांतच घसरूं लागली आहे. तिचें दांतेरी चक्र जुन्या बाजारांत मिळतें का, हें पाहण्यास तो येत्या रविवारीं पुण्यास जाणार आहे.